हत्यारं

पेनाचं टोपण चावून चावून पार चपटं झालं होतं. म्हणजे डॉक्टरबाईंनाही काळज्या असतात तर — श्यामलाताईंना उगाच बरं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ते पेन थांबलंय. घरात काही हत्यारं आहेत का, एवढंच डॉक्टर आश्लेषांनी विचारलं होतं, आणि श्यामलाताईंच्या लेकाने, देवदत्तने, एरवी तीनदा अडखळणाऱ्या देवूने, एका दमात सांगून टाकलं होतं, "आहेत की. चांगली धारेची आहेत. हत्यारांशिवाय वाडी कशी करणार?"

डॉक्टर नागपूरकडच्या. नारळीपोफळीच्या वाडीत हत्यारं म्हणजे कोयता, विळा, पहार, हे त्यांना कुणी सांगावं? गावी चौलात हा शब्द काढला तर शेंबडं पोरही पडवीकडे बोट दाखवील. एक वाक्य पुरे होतं. ते श्यामलाताईंनीच बोलायचं होतं, आणि त्या बोलेनात.

का बोलत नाही मी?

सकाळी एसटीत त्यांनी सगळं घोकलं होतं… देवू गोळ्या घेतो, कानातले आवाज कमी झालेत म्हणतो, झोपतो. आज ठरायचं होतं, त्याला घरी सोडायचं की वॉर्डातच ठेवायचं. चैत्रात त्याने दादूवर कोयता उगारला — दादू, वर्षानुवर्षं त्यांचे नारळ पाडणारा; माडावर चढून तो आपल्या घरात बघतो, कुणाला तरी खुणा करतो, असं त्या आवाजांनी देवूला पटवलं होतं. दंडावरच्या जखमेवर निभावलं. पोलीस नको, असं दादूच म्हणाला. "बाय, मी येन, पन त्यो घरात नसंल तवा," एवढंच वर म्हणाला, आणि त्याचं तरी काय चुकलं? तेव्हापासून देवू वॉर्डात होता, आणि गणपतीतले दिवस सोडले तर घर शांत होतं. त्या दुपारी निवांत आडव्या होत होत्या, भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नव्हतं… हे सुख होतं. आईने असलं सुख भोगावं याची लाज वाटायची, पण सुख होतं. आणि आता एका शब्दाचा घोळ तसाच राहू दिला, तर ते आणखी काही महिने पुरलं असतं.

"आई, सांग ना त्यांना," देवू म्हणाला.

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे अवजारांनाच हत्यारं म्हणतात, आणि ती सगळी मी आजच शेजारी सदाकडे नेऊन ठेवीन. पेन पुन्हा चालू लागलं. देवूनेही मान डोलावली. सुटलो, असं वाटेतोवर डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "तुम्हाला देवदत्तांची भीती वाटते का?"

नाही म्हणायचं असं घोकलं होतं. "वाटते," श्यामलाताई म्हणाल्या, आणि देवूकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मला माहितीये," तो म्हणाला. अगदी साधं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. "गणपतीत मला घरी सोडलं होतं ना, तेव्हा तू रात्री तुझ्या खोलीला आतून कडी घालायचीस. जपून घालायचीस, पण वाजायचीच. ती वाजली की मला झोप लागायची."

त्या दिवसांत त्या त्याला जोखत होत्या — पावलांचा आवाज, डोळे, ताटात टाकलेला भात. आणि भिंतीपलीकडे तोही जागा राहून स्वतःलाच जोखत होता, आपल्यात आणि आईत एक दार नीट बंद आहे ना, याचा कानोसा घेत.

"मग, घेऊन जाल?" डॉक्टरांनी विचारलं.

भीती तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त ती आता दोघांची होती… आणि एवढ्यावर माणसाला घरी नेता येतं का, हे श्यामलाताईंना खरंच कळत नव्हतं.