कम्प्युटरला घातलेलं गाऱ्हाणं

पद्मावतीबाईंनी मला भर वर्गात उभं करून सांगितलं, "योगिनी, उद्यापर्यंत इंटरनेटवरची माहिती छापून आणलीस, तर कुडाळच्या विज्ञान प्रदर्शनाला तू. नाहीतर धनेश."

धनेशचा विषय काय, तर ज्वालामुखी! मालवणात ज्वालामुखी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा विषय आमच्या दारातला होता: काळोखात समुद्राच्या पाण्यात हात फिरवला की हिरवा उजेड का पडतो?

आई एकटीला बाजारात पाठवेना, म्हणून आजोबा सोबत आले. आजोबा आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे कुणाचं काही अडलं की देवापुढे उभं राहून ते नीट सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला मागच्या मंडळींनी 'होय म्हाराजा' म्हणायचं.

यतीनच्या सायबर कॅफेत बसले तेव्हा अडीच वाजले होते. तीनला लोडशेडिंग. शोधायच्या चौकोनात मी इंग्रजीत 'समुद्र' टाकलं. लाखो पानं, आणि सगळ्यांत वर गोव्याचं हॉटेल! 'उजेड' टाकलं, तर बल्बवाला आला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

आजोबा मागून म्हणाले, "असा गाऱ्हाणा घालतत? देवळात जावन नुसता 'म्हस' म्हटलंस तर देवान काय समजाचा? म्हस हरवली, व्यायली, की दूध देणा नाय?"

"आजोबा, गप ऱ्हवा! ह्यो देव नाय, मशीन आसा!"

सगळा कॅफे वळून बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा मात्र शांत. "मगे तर आणखीच सांगूक व्हया. देवाक निदान आपलो गाव तरी म्हायत आसता."

पावणेतीन झाले होते. म्हटलं, घाला बाबा.

आजोबांनी चक्क हात जोडले. "बा म्हाराजा! भारताच्या पश्चिम किनाऱ्यार..."

"होय म्हाराजा!" गेम खेळणारी पोरं ओरडली.

"काळोखात, समुद्राच्या पाण्यात हात फिरवलो की हिरवो उजेड पडता, हात थांबलो की जाता. तेचा कारण काय, ता ह्या चेडवाक दाखव!"

"होय म्हाराजा!"

मी माझ्या नववीच्या इंग्रजीत एकेक तुकडा टाकत गेले आणि बटण दाबलं. पहिल्याच पानावर उत्तर! पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. पाणी हललं की ते चमकतात. यतीनचा प्रिंटर कुरकुरत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते. कागद हातात पडला आणि लाईट गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद दोनदा वाचला. "एवढं नेमकं कसं सापडलं तुला?"

मी खरं ते सांगून टाकलं. वर्ग खिदळला. धनेश तर बाकावर लोळायचाच बाकी होता. बाईंनी यादीत माझं नाव लिहिलं, मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"तुझे आजोबा शनिवारी मोकळे आहेत का गं? माझ्या एम.ए.च्या विषयाचं महिनाभर काहीच सापडत नाहीये."