दोन नळकांड्यांचा पंप

त्या गुरुवारी बुदिगेरे क्रॉसच्या अलीकडे हेमलताच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलं. स्टेपनी बदलावी तर नट हलेनात. डिकीत जावयानं दिवाळीला दिलेला बॅटरीवरचा पंप होता. त्याचं बटण दाबलं, लाल दिवा एकदा लागला आणि विझला. तिकडे होसकोट्याला थोरली बहीण, कमलाक्का, पानं वाढून थांबलेली. दर गुरुवारी हेमलता तिप्पसंद्र्यातल्या आपल्या घरून स्वतः गाडी चालवत तिच्याकडे जाते. दोघी जेवतात, रमी खेळतात, आईच्या पाटल्या कोणी लांबवल्या यावर कडाडून भांडतात आणि पुढच्या गुरुवारचं ठरवून उठतात. त्या दिवशी एका लॉरीवाल्यानं आपल्या टाकीतून हवा दिली तोवर दुपार कलली होती. भांडायचं राहूनच गेलं.

पंप का मेला होता, हे हेमलताला पक्कं ठाऊक होतं. मुकुल, म्हणजे तिचा जावई, रविवारी पहाटे सायकल घेऊन देवनहळ्ळीकडे जातो. आदल्या रविवारी त्यानं "आई, जरा पंप द्या" म्हणून नेला, सायकलची दोन्ही चाकं टणटणीत केली आणि रिकामा पंप पुसून जागेवर ठेवला. पुसला मात्र छान होता, तेवढं त्याच्या बाजूनं धरायला हवं.

पंक्चर काढून घरी आल्यावर ती म्हणाली, "मला पायानं मारायचा पंप पाहिजे. चार्जिंगची भानगड नको. मला मारता येईल असा."

यातलं शेवटचं वाक्य कोणाच्या कानावरच गेलं नाही.

तिचे यजमान उमाकांत सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, विभाग घरी आला. मिक्सर असो की पायपुसणं, आधी तांत्रिक चर्चा होणारच. ते इकडून आणि मुकुल मारतहळ्ळीच्या आपल्या घरून, फोन स्पीकरवर. पितळी नोझल की प्लास्टिकचं, नळी किती लांब, काट्याची अचूकता किती. हेमलता तिथंच घेवडा मोडत बसलेली. तिला कोणी विचारलं नाही. एकदाच उमाकांत तिच्याकडे वळले, तेव्हा तिला वाटलं आता विचारतात. "स्वल्प पाणी दे गं," ते म्हणाले.

"बाबा, सिंगल बॅरल घेऊच नका," मुकुल फोनवर सांगत होता. "ट्विन बॅरल. डबल हवा, निम्मा वेळ. सगळे रिव्ह्यू टॉप आहेत."

"सरी, चालेल," उमाकांत म्हणाले. "मजबूत दिसतोय. तोच मागव."

रविवारी पंप आला. लालभडक, दोन जाड नळकांडी, वर पेडल. लेक शमिका आणि मुकुलही आले, गाडीच्या मागं सायकल लटकवून. पोहे झाल्यावर सगळे गेटपाशी जमले. उमाकांतनी डाव्या चाकाची हवा बरीचशी सोडली आणि मुकुलनं पंप लावला. मुकुल चांगला भरलेला माणूस. त्यानं उभ्या उभ्या धपाधप पेडल मारलं आणि काटा सरसर चढला.

"बघा आई! एकदम स्मूद."

उमाकांतनी हवा परत सोडली. "हं, आता तू."

हेमलतानं पदर खोचला. सुरुवातीला पेडल बरं गेलं. काटा विसाच्या पुढे सरकला आणि पेडलनं हट्ट धरला. तिनं दोन्ही हातांनी गेट धरून सगळा भार एका पायावर टाकला. पेडल अर्ध्यात अडलं, पंप तिरपा घसरला आणि ती बॉनेटवर आदळता आदळता सावरली.

मग मुकुल समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आई, थोडी ताकद लागतेच हो याला. पंप तर बेस्ट आहे. खरं सांगू? या वयात हे सगळं कशाला? गुरुवारी मी कॅब बुक करून देत जाईन ना."

"बरोबर आहे त्याचं," उमाकांत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे. उद्यापासून ती माझ्या कपाटात राहील."

"आई, काळजीपोटीच म्हणतायत गं," शमिका म्हणाली.

हेमलतानं नवऱ्याचा पसरलेला हात पाहिला. तिचा चेहरा त्या पंपापेक्षा लाल झाला.

"हात खाली घ्या आधी. अहो, प्रत्येक लग्नात जेवताना ती गोष्ट सांगता ना? जर्मनीहून मशीन आलं, ऑपरेटरचा हात लिव्हरपर्यंत पुरेना, आणि तुम्ही मशीन परत पाठवलंत. वापरणारा उभा राहून हो म्हणेपर्यंत माल पास नाही! माणसं टाळ्या देतात तुम्हाला. मग आज काय झालं? तेव्हा तुम्ही ऑपरेटरला घरी पाठवलं होतंत?"

"अगं, ते वेगळं—"

"काय वेगळं? तो ऑपरेटर होता आणि मी बायको आहे, एवढंच ना?"

उमाकांतनी पंपाकडे पाहिलं. "व्यास..." ते पुटपुटले.

"हो, व्यास! नळकांडं जाड, तेही दोन-दोन, म्हणजे जोर जास्त लागणार. हे मी सांगायचं तुम्हाला? पंप निवडलात जावयाच्या मांडीच्या मापाचा, आणि नापास कोण? मी!"

"आई, प्लीज, चिडू नका," मुकुल म्हणाला.

हेमलता त्याच्याकडे वळली. रागावली की ती त्याला अहो-जाहो करते, हे शमिकाला माहीत होतं. ती दोन पावलं मागं सरकली.

"मुकुलराव, तुमची डिकी उघडा."

"डिकी? का?"

"उघडा म्हणते ना."

डिकीत मुकुलचा सायकलचा पंप होता. उंच, बारीक नळीचा, दोन्ही पायांनी दाबून धरायला रुंद बूड आणि वर दोन हातांची मूठ.

"आई, तो सायकलचा आहे. महागातला आहे हो."

"गाडीच्या चाकाला लागतो का?"

"लागतो, पण... वेळ जातो खूप."

"मला कुठं रेस लावायची आहे? हा घरात असताना माझी बॅटरी संपवलीत ती का? हात दुखतात म्हणून?"

मुकुल एकदम आपल्या सायकलकडे पाहू लागला. उमाकांतनी जावयाकडे पाहिलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एकमत तुटलं.

तिनं नोझल बसवलं, बुडावर पाय रोवले आणि मारायला लागली. काटा मुंगीसारखा चालत होता, पण चालत होता. उमाकांत आधी मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडलं. मधे तिनं दोनदा दम घेतला. शमिका पुढे झाली, तर "शिवू नकोस" म्हणून तिच्यावर ओरडली. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला. काटा जिथं हवा तिथं आला, तेव्हा तिनं नोझल काढलं, झाकण फिरवलं आणि चाकाला एक लाथ मारून पाहिली.

मग तिनं तो बारीक पंप आपल्या डिकीत ठेवला आणि झाकण आपटलं.

"हा पास."

"आई, पण मी पुढच्या रविवारी..."

"तो आहे ना." तिनं लाल पंपाकडे बोट केलं. "ट्विन बॅरल. रिव्ह्यू टॉप आहेत. लटकवा सायकलला."

उमाकांत हसायला लागले. तिनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते हसू तिथंच थांबलं. किल्ली तिच्या मुठीतच होती.

"हेमा," ते जरा वेळानं म्हणाले, "गुरुवारी मी येऊ का बरोबर?"

"या. मागच्या सीटवर बसायचं. आणि पाटल्यांचा विषय निघाला की कमलाक्काची बाजू घ्यायची नाही."