न वाचलेली चिठ्ठी

हॉस्पिटलच्या तळघरात शस्त्रक्रियेची अवजारं वाफेवर निर्जंतुक करायची खोली होती. तिथे दोघंच कामाला. मशीन चालवणारा ऑपरेटर आणि डबे तपासून वर थिएटरला पाठवणारी बाई. कामाला लागण्याआधी ती मिनिटभर डोळे मिटून येशूला हाक मारायची, म्हणून ऑपरेटरने तिला ‘पास्टरीणबाई’ करून टाकलं होतं. तेवढं तिने हसून सोडलं. पण पुढे त्याने ‘कामाच्या वेळेत झोपते’ अशी मेट्रनकडे तक्रार केली, तिला मेमो मिळाला, आणि तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्याला आठ महिने झाले होते. काही सांगायचं असलं की तो चिठ्ठी लिहायचा. अलीकडे ती तीही न वाचता चुरगाळायची. रविवारी चर्चमध्ये मात्र पहिल्या बाकावर.

त्या सकाळी ती आली तेव्हा ऑपरेटर खोलीत नव्हता. मशीन थांबलेलं, काटा शून्यावर. दारावर चिठ्ठी चिकटवलेली. तिने ती ओढून टोपलीत टाकली.

वरून फोनवर फोन येत होते. “बाई, पेशंट टेबलावर आहे. डबा पाठवा लवकर.”

मशीन थांबलंय म्हणजे वाफ पुरी झाली असं धरून तिने डबा काढला आणि लिफ्टने वर पाठवून दिला.

मग टेबल पुसता पुसता तिचा हात थांबला. डबा हाताला चटका बसण्याइतका गरम नव्हता. डब्यावर एक पट्टी असते. वाफ पुरी मिळाली की तिच्या रेघा काळ्या होतात. त्या झाल्या होत्या का? तिला आठवेना. तिने पाहिलंच नव्हतं.

तिने टोपली उपडी केली. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘मशीन अर्ध्यात बंद पडलंय. इलेक्ट्रिशियनला आणायला जातोय. डबा काढू नका.’

थिएटरचा फोन कोणी उचलेना. लिफ्ट वरच. चिठ्ठी मुठीत धरून ती चार मजले धावली आणि थिएटरच्या दारातूनच ओरडली, “थांबा! ती अवजारं लावू नका!”

आत टेबलावर कंबरेचं हाड मोडलेली म्हातारी भूल दिलेली, निपचित. सर्जनच्या हातात सुरी. सिस्टरने डब्याची पट्टी पाहिली. रेघा फिकट होत्या. सुरी अजून टेकली नव्हती.

“थोडक्यात वाचलो,” सर्जन म्हणाले. “बाई, तुम्ही होतात म्हणून.”

अर्ध्या तासाने मेट्रनच्या खोलीत ऑपरेटर उभा होता, बाजूला बाई. रजिस्टर उघडं.

“मशीन लावल्याची सही तुमची. मागेही तुम्हाला ताकीद मिळालीय,” मेट्रन म्हणाल्या. “आता नोकरीवर येईल.”

“मॅडम, मी दारावर चिठ्ठी लावली होती.”

“कुठे आहे?”

“दारावरच होती. आता नाहीये.” त्याचे कान लाल झाले होते. मेट्रन बाईंकडे वळल्या. “तुम्ही पाहिलीत?”

चिठ्ठी अजून तिच्या मुठीतच होती, घामाने भिजलेली. नुसतं ‘नाही’ म्हटलं की झालं असतं. आठ महिने तिला हेच तर हवं होतं, त्याची नाचक्की. आणि आता ती तिच्या एका शब्दावर आली होती. त्याच्यासाठी तिने एकदाही प्रार्थना केली नव्हती, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तिने मूठ उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“लावली होती. मी न वाचता फेकली. त्याची होती म्हणून. पट्टीही पाहिली नाही. चूक माझी आहे.”

मेट्रननी चिठ्ठी वाचून रजिस्टरमध्ये ठेवली. “उद्यापासून तुम्ही लॉन्ड्रीत. पुढचं वरून ठरेल.”

जिन्यात ऑपरेटरने तिला गाठलं. “आता मी तुमचे पाय धरायचे का? आठ महिने माणसांत धरलं नाहीत मला.”

“नाही धरलं,” ती म्हणाली. “मला माफ करा.”

“ते आत्ता जमायचं नाही.”

“बरं.”

म्हातारीचं ऑपरेशन आता दुपारी दोनवर ढकललं होतं. मशीन दुरुस्त झालं होतं, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने डब्याचं एक टोक धरलं, दुसरं तिने. डबा आत सरकवून त्याने वाफ सुरू केली.

“तापमान बघा,” तो म्हणाला.

तिने पाहिलं आणि मोठ्याने आकडा सांगितला.