दोरवाल्याचा दात

माझ्या मुलाच्या पणज्याने कोरड्या माळावर पहिली विहीर खणून दाखवली. आज्याने गावाच्या चारही वेशींना पाणी काढले. बापाने, म्हणजे माझ्या यजमानांनी, जिथे इतरांच्या पहारी बोथटल्या तिथे कातळ फोडला. अशा घरात माझा मुलगा जन्मला आणि विहिरीत उतरणे तेवढे त्याला वर्ज्य झाले. त्याला झटके येतात.

पहिला झटका आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटले नव्हते. विहिरीच्या काठावरच तो कोसळला. सारा गाव जमला. माझे धाकटे दीर धावत आले आणि शहाणपण म्हणून त्यांनी आमटीच्या डावाचा लोखंडी दांडा त्याच्या दातांत खुपसला. पुढचा दात मुळापासून निखळला. पोराचे तोंड रक्ताने भरले. दिरांनी हात धोतराला पुसले आणि गावासमोर सांगितले, "असलं दुखणं आमच्या रक्तात नाही. हे वहिनींच्या माहेरचं. याच्या हाती कुणी दोर देऊ नका."

यजमान खाली मान घालून उभे राहिले. मी चिखलातून तो दात वेचला, धुतला आणि पितळेच्या डबीत ठेवला. ती डबी मी यंदापर्यंत कमरेच्या पिशवीतून काढली नव्हती.

शहरातल्या डॉक्टरांनी समजावले ते मी घरात नियम म्हणून लावले. गोळी सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, मग पाहुणा येवो की पाऊस. झोप पुरी. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही, चुलीजवळ त्याने एकट्याने बसायचे नाही. झटका आलाच तर कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही द्यायचे, दाबून धरायचे नाही, तोंडात काही घालायचे नाही. थांबेना झाला तर थेट दवाखाना. झटके विरळ झाले, पण गेले नाहीत. मुलगा जमिनीवर मांडी घालून दोर वळू लागला. बसल्या जागी पडला तरी इजा होत नाही. त्याचा दोर पंचक्रोशीत जाऊ लागला आणि लोक त्याला दोरवाला म्हणू लागले. दिरांनी मात्र आपला दोर बाजारातूनच आणला. झटकेवाल्याच्या हातचा दोर मध्येच सुटतो, असे ते चावडीवर हसून सांगत. मुलाचे लग्न जमू नये म्हणूनही त्यांनी कष्ट घेतले. तरी पाथरवटाची मुलगी माझी सून होऊन आली. बघायला गेलो तेव्हा तिने एकच विचारले होते, झटका आला तर मी काय करायचं.

यंदा उन्हाने जमीन भेगाळली आणि दिरांच्या मुलाने बांधाजवळ नवी विहीर खणायला धरली. त्या दिवशी तो कमरेला दोर बांधून खाली पहार चालवत होता. एकदम वर आरडाओरडा झाला. मी, मुलगा आणि सून, तिघेही धावत गेलो. तळाशी पुतण्या ताठ होऊन थडथडत होता आणि घोटाभर पाझराचे पाणी त्याच्या गालाला लागत होते.

दिरांनी चौघांना दोराला लावले होते. ओढा, ओढा, असे त्यांचे चालले होते. माझा मुलगा पुढे झाला आणि सरळ त्या दोरावर बसला.

"काका, आत्ता ओढू नका. डोकं कातळावर आपटत वर येईल."

"बाजूला हो. पोरगा मरतोय माझा."

"झटका आहे, काका. मला माहीत आहे तो."

"आमच्या घरात झटका येत नाही."

"येत नसेल तर ओढा, भाऊजी," मी म्हणाले.

त्यांच्या हातून दोर गळाला.

तोवर सुनेने माझ्या मुलाने वळलेला दोर कमरेला बांधून पदर खोचला होता. पहार बोथट करणाऱ्या त्या कातळावर पाय रोवत ती उतरू लागली. चौघांना दोर पेलेना, तेव्हा पाचवे हात दिरांचे लागले. माझ्या मुलाचा दोर त्यांच्या मुठीत मी डोळे भरून पाहिला.

ते वरून ओरडले, "दातांत काहीतरी घाल गं, जीभ चावेल."

खालून आवाज आला, "मामंजी, तुमच्या त्या औषधाने एक दात गेलाय. पुरे झालं."

चौघांतल्या एकाला हसू आवरले नाही. मी त्याच्याकडे पाहिले, तसे ते आवरले.

सुनेने पुतण्याचे डोके पाण्यातून उचलून मांडीवर घेतले, एका कुशीला वळवले आणि त्याच्याशी बोलत राहिली. थडथड मंदावली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि आपली पहार कुठे गेली ते विचारले. मग माझ्या मुलाने स्वतःच्या दोराचा फास त्याच्या काखेखालून बायकोकडून घालवून घेतला आणि त्याला सावकाश वर काढवले, मागोमाग तिलाही. जमलेल्या बघ्यांना त्याने विहिरीच्या पलीकडे हाकलले. शुद्धीवर येताना माणसाला भोवती तोंडे नको असतात, हे त्याच्याइतके कोण जाणणार. मी पुतण्याच्या अंगावर माझी शाल घातली. त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता.

दीर जवळ आले, आवाज दाबून म्हणाले, "वहिनी, उन्हाची भोवळ होती असं सांगू. पोराचं लग्न ठरायचंय."

हा दिवस येईल याची मला खात्री नव्हती. वाट मात्र मी पाहिली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "भाऊजी, हे कुणाच्या माहेरचं?"

ते हात धोतराला पुसू लागले.

"डॉक्टर म्हणतात, हे कुणालाही होतं, यात कुणाचा दोष नाही. माहेराचं नाव तुम्ही घेतलं होतंत, भर गावात. आजही गाव इथेच आहे."

"वहिनींच्या माहेरचं नव्हतं," ते पुटपुटले.

"विहिरीच्या पलीकडचे ऐकू शकले नाहीत."

त्यांनी ते मोठ्याने सांगितले. पलीकडच्यांनी माना हलवल्या.

"उद्या पोराला डॉक्टरांकडे माझा मुलगा घेऊन जाईल. आता तुमच्या पोराचं तोंड उघडून बघा. सगळे दात जागेवर आहेत ना?"

त्यांनी खरोखरच वाकून पाहिले. आहेत म्हणाले.

मी डबी उघडली. "हात पुढे करा."

त्यांच्या तळहातावर तो पिवळा पडलेला दात ठेवला. त्यांनी तो ओळखला. हात खाली घेण्याची हिंमत त्यांना झाली नाही.

"वहिनी, याचं मी काय करू?"

"जपा," मी म्हणाले. "मी जपला तसा."

रिकामी डबी मी त्यांच्याच विहिरीत टाकली आणि मुलाच्या गोळीची वेळ झाली होती म्हणून घरी निघाले.