पुसलेला पहिला नंबर

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत, की कवितेच्या ओळी. माझ्यावर आजारी माणसांची नावे लिहिली जात. ज्याचे नाव वर, त्याचे ऑपरेशन आधी. एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते ना? त्या कामातला एक दिवस आठवला की मला आजही किळस येते. तो दिवस सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या वर्षी गुलमंडीमागच्या गल्लीत एका सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला बनवले. अंगावर काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि आमच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर मला टांगले. दवाखान्याचे नाव मी सांगणार नाही. माझ्यावर पहिल्या दिवसापासून मराठीत लिहिले गेले. जुने नोकर मात्र यादीला बरीच वर्षे फेहरिस्तच म्हणत.

लक्ष्मीबाई नावाच्या सिस्टर यादी लिहीत. रोज सकाळी त्या वॉर्डात फिरत, प्रत्येकाच्या पोटाला हात लावत, नाडी पाहत, मगच खडू उचलत. ज्याला थांबणे झेपणार नाही तो वर, ज्याला झेपेल तो खाली. मोठे डॉक्टर वाचून मान हलवत आणि कामाला लागत. माझ्यावर कोतवालाच्या आधी भंगाऱ्याचे नाव असे आणि जहागीरदाराच्या वर हमालाचे. पाहुणे येत, अक्षराचे कौतुक करत. मला माझा अभिमान वाटे. ती माझी चांगली वर्षे.

पुढे मोठे डॉक्टर बदलून गेले आणि त्यांच्या जागी नवे आले. हात हुशार होता त्यांचा; पण नजर सारखी वरच्या जागेकडे.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी फुलंब्रीकडून एक बैलगाडी आली. गाडीत त्रिंबक नावाचा मेंढपाळ पाय पोटाशी घेऊन पडला होता. जांघेतली हर्नियाची गाठ रात्री अडकली होती आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या. सोबत त्याची बायको बानाबाई. लक्ष्मीबाईंनी गाठ पाहिली, पोट दाबून पाहिले आणि तडक येऊन माझ्यावर पहिल्या ओळीत लिहिले : त्रिंबक. तेव्हा सात वाजले होते.

बानाबाईला वाचता येत नव्हते. तिने वॉर्डातल्या फकिरा नावाच्या शिपायाला विचारले, "दादा, ह्याच्यात आमच्या मालकाचं नाव कुठं हाय?"

"हे काय, सगळ्यात वर. पयला नंबर."

"डोक्यावर वाकडी रेघ अन् तिच्यावर ठिपका हाय, तेच का?"

"व्हय, तेच."

ती बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिली. मग पदर सावरून नवऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, "पयला नंबर हाय तुमचा. भिऊ नका."

आठ वाजता मोठे डॉक्टर आले. यादीवर नजर टाकून म्हणाले, "सिस्टर, चितेगावचे काकासाहेब आज पहिले घ्यायचे."

"साहेब, त्यांच्या पाठीवरची गाठ नऊ वर्षांची आहे. दुखत नाही, खुपत नाही. आणि ते अजून आलेलेही नाहीत."

"सव्वाअकराचा मुहूर्त काढलाय त्यांनी. आणि त्याआधी टेबलावर दुसरं कुणी नको म्हणतात. दुसऱ्याचं रक्त सांडलेल्या टेबलावर ते झोपणार नाहीत."

"टेबल आपण धुतो, साहेब. दर वेळी धुतो."

"ते मला कळतं. त्यांना कोण सांगणार? त्यांचा शब्द वरपर्यंत चालतो."

"ह्या माणसाचं आतडं अडकलंय. अकरापर्यंत ते काळं पडेल."

"सलाईन चालू ठेवा. बघू."

लक्ष्मीबाईंनी फडके उचलले नाही. तेव्हा डॉक्टरांनी स्वतः ते बादलीत बुडवले आणि माझ्यावरून फिरवले. मित्रांनो, हजारो नावे माझ्यावरून पुसली गेली होती. पण ती काम झाल्यावर. त्या ओल्या फडक्याचा स्पर्श मला कुणी अंगावर थुंकावे तसा वाटला. वर 'श्री. काकासाहेब' आले. खाली, चौथ्या ओळीत, त्रिंबक. मेंढपाळाला 'श्री.' नव्हते. मधली दोन नावे तशीच राहिली. ती खाली सरकवून त्रिंबकला दुसरा ठेवायचीही तसदी कुणी घेतली नाही.

आणि मग तीन तास काहीच झाले नाही. दार उघडे होते, मला आतले सगळे दिसत होते. टेबल स्वच्छ, हत्यारे उकळून ठेवलेली, डॉक्टर खुर्चीत बसून वर्तमानपत्र चाळताहेत. आणि भिंतीपलीकडे त्रिंबक पाणी मागतो आहे. कुणी दुसरा जास्त आजारी होता म्हणून तो थांबला असता तर मी समजून घेतले असते. त्याला रिकाम्या टेबलासाठी थांबवले होते!

अकरा वाजता काकासाहेब जीपमधून उतरले. कपाळाला कुंकू, तोंडात पान. माणूस हसतमुख होता, दरडावून बोलणारा नव्हता. माझ्याकडे पाहून म्हणाले, "वा, पयलंच नाव की आपलं!" अर्ध्या तासात लिंबाएवढी चरबीची गाठ बाटलीत घालून बाहेर आली आणि माणसे ती हातोहात पाहू लागली. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई वॉर्डात पेढे वाटायला निघाल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. बानाबाईच्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या, "घे गं बाई. मालकांचं सुखरूप झालं आमच्या."

"आमच्या मालकाचं बी आता व्हईल," बानाबाई म्हणाली. "पयला नंबर हाय त्यांचा."

असे म्हणत तिने माझ्याकडे पाहिले. वरच्या ओळीत तो डोक्यावरचा ठिपका नव्हता. ती उठून जवळ आली. बोट ओळीओळीवरून खाली नेत चौथ्या ओळीवर थांबली.

"हे खाली कुनी उतरवलं?" तिने विचारले.

तिथे डॉक्टर होते, काकासाहेबांची माणसे होती, फकिरा होता. डॉक्टर हात पुसत आत वळले, फकिरा बादली उचलू लागला. एकाने तर तोंडातला पेढा चघळणेही थांबवले नाही. मला त्या तोंडाची शिसारी आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची. ते खोटे माझ्याच अंगावर लिहिलेले होते, आणि लोक ते खरे मानत होते.

मधली दोन नावे थांबवून त्रिंबकला साडेबाराला आत नेले. पोट उघडले तेव्हा हातभर आतडे काळे पडले होते. ते कापून टाकले, पण विष अंगात भिनले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. कागदावर डॉक्टरांनी लिहिले, 'रुग्णास उशिरा आणले.' फकिराने ते वाचून दाखवले तेव्हा बानाबाई म्हणाली, "उशिरा? आमी तर दिस उगवला तवा हितंच व्हतो." तिने आवाजही चढवला नाही. गाडीत नवऱ्याला घातले आणि फुलंब्रीच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंनी माझ्यावर दोन उभ्या रेघा ओढल्या. नावापुढे लिहिले, 'आल्याची वेळ' आणि 'आधी घेण्याचे कारण'. डॉक्टरांनी पुसले. त्यांनी पुन्हा लिहिले. दहा दिवस हेच चालले. अकराव्या दिवशी फकिराने खाटांचे नंबर रंगवायचा पांढरा तेलरंग आणला आणि ते शब्द न पुसण्याजोगे करून टाकले. दोघांनाही लेखी जाब विचारला गेला. लक्ष्मीबाईंनी उत्तर दिले, 'नियम जुनाच आहे, फक्त दिसेल असा लिहिला.'

महिनाभराने आणखी एका बड्या माणसाची चिठ्ठी आली. डॉक्टरांनी वर नाव लिहिले, वेळ लिहिली आणि खडू कारणाच्या रकान्यावर टेकवला. समोर बाकांवर वीस-पंचवीस माणसे बसली होती; वाचता येणारे मोठ्याने वाचून दाखवत होते. डॉक्टरांनी एकदा मागे वळून त्या माणसांकडे पाहिले. मग नाव पुसून आत गेले. तरी त्यांचे काही बिघडले नाही. हवी ती जागा त्यांना मिळाली. निरोपाला शाल घातली ती माझ्याच समोर, आणि भाषणात त्यांना गोरगरिबांचे कैवारी म्हटले.

दोन वर्षांनी बानाबाई पुन्हा आली. जाऊबाईच्या, पुतळाबाईच्या, पोटात गोळा झाला होता आणि दुसरा दवाखाना परवडणारा नव्हता. ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. "बाई, सगळं वाचा," तिने लक्ष्मीबाईंना सांगितले. "नाव बी अन् म्होरचं बी."

लक्ष्मीबाईंनी वाचले. "पहिली सरूबाई. आत्ताच आली. मूल आडवं आलंय, दोघांच्याही जिवाला धोका. दुसरी पुतळाबाई. सकाळी सहाला आली. गोळा मोठा आहे, पण दुपारपर्यंत थांबता येईल."

"म्हंजी ती आमच्या मागून आली."

"हो."

बानाबाईने एकदा पहिल्या ओळीकडे पाहिले, एकदा जाऊबाईकडे. मग ती म्हणाली, "तिला आधी घ्या. आमी बसतो." आणि जाऊबाईचा हात धरून ती बाकावर जाऊन बसली.

आता मी मोडक्या खाटांमागे धूळ खात पडलो आहे. याद्या आता यंत्रावर निघतात म्हणे. मित्रांनो, माझी धूळ नका झटकू. तेवढ्याने माझे काही भले व्हायचे नाही. पण कधी तुमच्यासाठी कुणी दार आधी उघडले, तर आनंदाने आत शिरण्याआधी विचारा, "माझ्याआधी कुणाचं नाव होतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरा ओलांडू नका.