निळ्या कोपऱ्यातला नेव्हिल

माझ्या बहिणीचा नवरा नेव्हिल हरण्याचा धंदा करायचा. इंग्लंडात ओल्डहॅमपासून हल शहरापर्यंत कुठेही एखादा नवा बॉक्सर चमकवायचा असला, की त्याच्यासमोर रिंगच्या निळ्या कोपऱ्यात उभं राहायला याला फोन. चार फेऱ्या मार चुकवायचा, पोराला दोन गोष्टी शिकवायच्या, आणि शेवटची घंटा झाली की पंचाने निकाल देण्याआधीच आपल्या हाताने त्याचा हात वर करायचा. जिंकला असता तर पुढचा फोन कोण करणार होतं? मी बादली आणि स्पंज घेऊन त्याच्या कोपऱ्यात असायचो. ते हात वर करणं बघून माझं डोकंच फिरायचं.

"अरे, पंचाला तरी काही काम ठेव!"

"पोराची आई बघत असते रे," तो म्हणायचा.

माझी बहीण ग्लेंडा मात्र कधीच बघायला आली नव्हती. "जिंकणार असशील त्या दिवशी बोलव," असं तिने लग्नाआधीच बजावलं होतं. शेवटच्या लढतीला त्याने तिला बोलावलं. आता फोनची फिकीर उरली नव्हती.

समोर लुईस नावाचा आगाऊ पोरगा. "आजोबा, गोळ्या घेतल्यात ना?"

"घेतल्यात. तुझ्यासाठीही एक ठेवलीय," नेव्हिल म्हणाला.

आणि पठ्ठ्या लढला! इतकी वर्षं दडवलेला डावा हात त्याने बाहेर काढला. तिसऱ्या फेरीत लुईसचे गुडघे लटपटले. ग्लेंडा खुर्चीवर चढून ओरडत होती. माझी बहीण, खुर्चीवर!

शेवटची घंटा झाली. पंच आमच्या बाजूला वळला. शपथेवर सांगतो, आमच्याच बाजूला. पण दूधवाल्याचा घोडा आपसूक दारात थांबतो, तसा नेव्हिल पुढे गेला होता. त्याने लुईसचं मनगट धरलं आणि हात वर केला. सगळा हॉल उसळला. पंच क्षणभर घुटमळला आणि त्याने लुईसचा दुसरा हात धरून वर केला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत ग्लेंडा कात्रीने नेव्हिलच्या हाताच्या पट्ट्या कापत होती. मला पंचाचा गळा धरावासा वाटत होता, आणि रडूही येत होतं.

"लढत त्यालाच दिली असती गं त्यांनी," नेव्हिल म्हणाला.

"नाही. तू जिंकला होतास. मी बघितलं."

"खरंच?"

"अख्ख्या हॉलने बघितलं, नेव्हिल."

त्याने मोकळ्या झालेल्या हाताची मूठ वळून पाहिली. मग म्हणाला, "मग मलाच कसं दिसलं नाही गं?"

ग्लेंडाने कात्री खाली ठेवली आणि त्याचा हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.