रानबाबाची फिरती सुई

सभागृहाच्या दारात लोक एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभे होते आणि त्याबद्दल कुणी कुणाला शिव्या देत नव्हतं. आत काहीतरी अघटित चाललंय हे एवढ्यावरूनच ओळखावं. एरवी रांगेत नुसतं कोपर लागलं तरी समोरच्याचं खानदान काढणारं हे आमचं शहर. त्या दिवशी मात्र सगळे गरीब गाय झाले होते.

व्यासपीठावर रानबाबा बसला होता. डोक्यावर पिसांचा टोप, खांद्यांवर पिसांची झूल, गळ्यात बियांच्या माळा, गालांवर रंगाचे पट्टे. पायांत मात्र मऊ बूट. जंगलात वाढलेल्या त्या पावलांना सभागृहाची फरशी गार लागत असावी.

"मी आदिम लोकांचा शेवटचा वारस!" तो गरजला. "झाड माझ्याशी बोलतं, ओढा माझ्याशी बोलतो. तुम्ही शहरवाले बहिरे झालात, बहिरे!"

बहिऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

त्याच्यापुढे एक लाकडी डबी होती आणि डबीच्या झाकणातून एक तपकिरी सुई वर आली होती. मधेच वाकलेली, टोकाला इवलंसं पीस. हा म्हणे वनमातेचा केस. रोग्याने जिभेवर बोट फिरवायचं आणि ते सुईच्या बुडाशी टेकवायचं. अंगात रोग असेल तर सुई फिरते. खात्री पटावी म्हणून आधी त्याचा ठणठणीत चेला बोट एका वाटीतल्या 'वनरसात' बुडवून सुईला लावायचा. सुई ढिम्म. मग रोगी बोट लावायचा आणि सुई खरंच फिरायची. कुणी हात न लावता, गरागरा. त्यानंतर बाबा निखाऱ्यांचं भांडं जवळ ओढायचा, डबीला शेक द्यायचा, तोंडाने 'हुंबा हुंबा' असं काहीतरी पुटपुटायचा आणि सुई उलटी फिरत जागेवर यायची. रोग गेला! आता औषधं त्या टोपलीत टाका, कारण वनमातेला गोळ्यांचा वास सहन होत नाही.

मी घड्याळं दुरुस्त करतो. आपोआप फिरणारी सुई दिसली की माझे हात शिवशिवतात. मी तरातरा व्यासपीठावर चढलो आणि म्हणालो, "डबी उघडून बघू द्या. आत स्प्रिंग आहे, नाहीतर लोहचुंबक."

बाबाने हसत डबी माझ्या हातात दिली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी झाकणाचे स्क्रू काढले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, डबी उलटीपालटी केली. आत मातीचा एक गोळा होता आणि सुई त्यात रोवलेली होती. स्प्रिंग नाही, चाक नाही, दोरा नाही. माझा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा सुईकडे ओढला जाईना.

"लोखंडाच्या माणसा," बाबा माइकवरून म्हणाला, "तुला लोखंडच दिसणार!"

सभागृह खो खो हसलं. माझं तोंड एवढंसं झालं. बरं, ते नुसतं हसून थांबले असते तरी चाललं असतं. पण घड्याळजीने स्वतः तपासलं आणि त्याला काही सापडलं नाही, म्हणजे चमत्कार खराच, असा निकाल लागला. गर्दीत माझी ताई होती, तिच्या शेजारी माझी भाची. भाचीला लहानपणापासून फिट्स येतात. रोजच्या गोळीमुळे त्या कितीतरी महिन्यांत आल्या नव्हत्या. ताईने तिला वर नेलं, सुई फिरली, सुई परतली आणि ताईने गोळ्यांची डबी टोपलीत टाकली.

त्या दिवसापासून ताई माझं ऐकायला तयार नव्हती. "तूच तर उघडून बघितलंस ना?" एवढं एकच वाक्य ती माझ्या तोंडावर फेकायची.

मग एके दिवशी दुपारी भाची माझ्या दुकानात बसली होती. भिंतीवरच्या घड्याळांमधलं कुठलं मागे पडलंय ते मला सांगत होती. बोलता बोलता थांबली आणि स्टुलावरून खाली कोसळली. मी स्टूल बाजूला सारलं, तिला कुशीवर वळवलं, मानेखाली माझा सदरा घातला. झटका ओसरला तेव्हा तिने डोळे उघडून विचारलं, "मामा, माझा फ्रॉक खराब झाला का?" मला रडू आवरेना.

मी ताईला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी भाचीला तपासलं, आपल्या बॅगेतली गोळी दिली आणि ताईकडे वळल्या. "गोळ्या बंद केल्यात?"

"बाबांनी सांगितलं होतं," ताई म्हणाली. "रोग बाहेर पडताना एकदा झटका देणारच."

"रोग बाहेर वगैरे पडत नाहीये. गोळ्या अचानक तोडल्यात म्हणून झटका आला. आज दुकानात आला, पुढचा जिन्यात येईल. मग?"

"तुम्ही औषधवाले हेच म्हणणार! जंगलातल्या लोकांचं ज्ञान तुम्हाला काय कळणार?"

डॉक्टरीणबाईंनी बॅग बंद केली. मला ताईच्या अकलेची कीव आली. बाई जंगलातल्याच लोकांत जन्मल्या. धरण बांधलं तेव्हा त्यांचा पाडा पाण्याखाली गेला. ती माणसं आमच्या पाण्याच्या टाकीजवळ राहुट्या ठोकून राहिली, तेव्हा आमच्याच शहराने सह्या गोळा करून त्यांना हुसकावलं. पुढे बाई डॉक्टर होऊन आल्या, आमच्या गल्लीत खोली शोधू लागल्या, तेव्हा "खोली कालच गेली" असं सांगणारी हीच माझी ताई. खरा आदिवासी दारात आला की खोली गेलेली असते, आणि पिसं लावलेला भोंदू आला की त्याच्या पायांवर लोटांगण!

बाईंनी मला विचारलं, "सुई दिसायला कशी होती?"

"तपकिरी. मधे वाकलेली. खालच्या भागाला दोरीसारखा पीळ."

बाई हसल्या, पण ते हसू काही गोड नव्हतं. "आमच्या आजीच्या दाराशी असायची अशी सुई. चला सभागृहात. ताई, तुम्हीही चला, आणि हिलाही घेऊ या. माझा हात धरून चालेल ती."

सभागृहामागच्या मोकळ्या जागेत वाळकं गवत माजलं होतं. बाईंनी वाकून त्यातलं काहीतरी खुडलं आणि रुमालात गुंडाळलं. आत नेहमीसारखीच झुंबड होती. बाई थेट व्यासपीठासमोर गेल्या आणि रानबाबाकडे बघून आपल्या बोलीत एक वाक्य मोठ्याने म्हणाल्या.

बाबा दचकला. मग त्याने डोळे मिटले, मान डोलावली. "हुंबा हुंबा! भक्तांनो, ही आमची लेक आहे. ती म्हणते, बाबा, तुम्हाला पाहून मला माझ्या रानाची आठवण आली."

लोक गहिवरले. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी बोट दाखवून.

"आता ती माझा आशीर्वाद मागते आहे!"

"मी म्हणते आहे," डॉक्टरीणबाई सगळ्यांना कळेल अशा भाषेत म्हणाल्या, "तुमच्या झुलीला निखारा लागलाय."

तोवर जळक्या पिसांचा घाण वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला होता. शेवटचा वारस किंचाळत उठला, झूल फेकून तिच्यावर नाचू लागला. चेल्याने घाईघाईने 'वनरसा'ची वाटी तिच्यावर ओतली आणि जाळ भसकन वर आला. तो रस म्हणजे तेल होतं. शेवटी हॉलच्या रखवालदाराने बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा पिसांचा रंग ओघळला. खाली उशीतली साधी पांढरी पिसं होती. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं.

"आता सुई बघू या," बाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल उघडला. दारातल्या कुंडीतून त्यांनी थोडी चिकट माती घेतली. तिचा गोळा करून त्यात रुमालातली काडी रोवली. तीच तपकिरी काडी, तोच बाक, तोच पीळ. मग त्या भाचीला म्हणाल्या, "हिच्या बुडाशी पाण्याचा थेंब टाक. थुंकी नको, नळाचं पाणी."

भाचीने थेंब टाकला. काडी गरागरा फिरू लागली.

"अगं बाई!" ताई ओरडली. "म्हणजे नळालाही रोग आहे?"

"नळाला काही झालेलं नाही. हे कुसळ आहे," बाई म्हणाल्या. "गवताचं कुसळ. तुम्ही सगळे ते मोज्यांतून उपटून फेकता. वाळलं की पीळ बसतो, ओलं झालं की पीळ सुटतो, म्हणून टोक फिरतं. शेक दिला की परत वाळतं आणि उलटं फिरतं. तेलाने पीळ सुटत नाही, म्हणून चेला निरोगी! बी जमिनीत घुसावं म्हणून गवताने केलेली ती सोय आहे. आमची आजी गोळा केलेल्या बिया वाळत घालण्याआधी दारातलं कुसळ बघायची. टोक सरकलं की हवा दमट, बिया आत. आजारी माणसापुढे तिने ते कधी धरलं नाही. आमच्या लोकांनी गवत नीट बघितलं, हे आमचं ज्ञान. त्याचा असा तमाशा करू नका."

मी डोक्याला हात लावला. मी स्प्रिंगच शोधत होतो आणि स्प्रिंग माझ्या डोळ्यांसमोर होती. ती लोखंडाची नव्हती, एवढंच.

रानबाबा मागच्या दाराने सटकला. टोपलीतली औषधं ज्याची त्याने शोधून घेतली. ताई खाली मान घालून गोळ्यांची डबी घेऊन आली. "खोलीचं ते..." ती बाईंना म्हणाली. बाई म्हणाल्या, "आधी हिला गोळी वेळेवर द्या."

इथे गोष्ट संपली असती तर माझं शहर शहाणं आहे असं मी म्हटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या जागेत गवताची एक काडी शिल्लक नव्हती. आदिवासी डॉक्टरिणीचं कुसळ म्हणून लोकांनी ते ओरबाडून नेलं आणि घरोघरी उशाशी ठेवलं. आता या लोकांना काय म्हणावं?

म्हणून मी एक कुसळ दुकानाच्या काचेत लावलंय आणि खाली पाटी लिहिलीय: 'हे गवत आहे. हवा दमट की कोरडी, एवढंच त्याला कळतं. तब्येतीचं डॉक्टरांना विचारा.' चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका. त्याच्याजवळ जा आणि एकच प्रश्न विचारा: थुंकीच्या जागी साधं पाणी घातलं तर काय होईल? हा प्रश्न सबंध सभागृहात कुणालाही सुचला नाही, मलाही नाही, आणि त्याचा भुर्दंड एका लेकराने जमिनीवर पडून भरला.

संध्याकाळी दुकानात गजर होतो. भाची गोळी घेते, घोटभर पाणी पिते आणि उरलेला थेंब कुसळावर सोडते. कुसळ फिरतं. "मामा," ती म्हणते, "ग्लासला रोग झालाय." आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो.